हात खाली येईपर्यंत

"हें कितें?" मास्तरांनी कागदावर बोट ठेवून मला विचारलं.

मी वाकून बघितलं. पाच रेघांच्या वर एक अर्धगोल काढला होता आणि त्याच्या पोटात एक ठिपका होता.

"डोळा," मी म्हणालो. "वर भुवई, खाली बुबुळ."

बँडातले सगळे खदाखदा हसले. इनास फुर्तादो मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि म्हणाले, "डोळा न्हय, बाबा. फेर्माता म्हणतात ह्याला. इटालियन भाषा. अर्थ काय, तर थांबा. ह्या सुरावर आलास की थांबायचं."

"किती मात्रा?"

"मात्रा नाहीत."

"मात्रा न्हाईत? मग मोजायचं कसं?"

"तू मोजायचंच नाही. माझा हात वर आहे तोवर सूर धरायचा. हात खाली आला की तोडायचा. संपलं."

हे मिरजेच्या मुक्कामात झालं. गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. आमचं घर मेढ्याकडचं. आम्ही घडशी, देवाच्या दारात सनई वाजवणारे. चुलत्याशी भांडून मी घर सोडलं आणि ग्रँड अरुणोदय सर्कशीच्या दारात येऊन उभा राहिलो. मास्तरांनी नाव विचारलं. "येसू," मी म्हणालो. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या देवाचं नाव घेऊन आला, आणि नोटेशन वाचता येत नाही!"

तरीही त्यांनी मला ठेवून घेतलं, ते माझ्या वाजवण्यासाठी नाही, दमासाठी. सनईवाल्याचा दम तुटत नाही. गालात वारा साठवायचा आणि तो बाहेर सोडता सोडता नाकानं नवा ओढून घ्यायचा, हे आमच्या घरात दुधाच्या दातांबरोबरच येतं. मास्तरांनी विडी शिलगावली आणि ती संपेपर्यंत मला एकच सूर धरायला लावला. विडी संपली, मी चालूच. मग त्यांनी थोटूक टाचेखाली विझवलं, माझी सनई बाजूला ठेवली आणि हातात क्लारनेट दिला.

वाचायला त्यांनीच शिकवलं. रोज सकाळी तासभर, चुकलो की गुडघ्यावर फटका. असा गुरू मला पुन्हा भेटला नाही, आणि हे मी आजही तोंड भरून सांगतो. एकदा मी त्यांना म्हणालो, "मास्तर, थांबा म्हंजे गप बसायचं ना? मग हितं सूर कसा चालू ऱ्हातो?"

ते खूश झाले. प्रश्न विचारलेला त्यांना फार आवडायचा. म्हणाले, "आयक. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा इटालियन बोटीवर बँडात होतो. बोट जिनोव्हा बंदराला लागली. आम्ही गावात फिरायला गेलो तर रस्त्यात एक लोखंडी खांब, त्यावर पत्र्याची पाटी आणि पाटीवर लिहिलंय, फेर्माता. मी म्हटलं, वा रे वा, ह्या लोकांनी रस्त्यावरसुद्धा संगीत लिहून ठेवलंय! मग कळलं, तिथं ट्राम थांबते. माणसं खांबाखाली उभी. कोण पेपर वाचतो, कोण पोराचं नाक पुसते. किती वेळ उभी? ट्राम येईपर्यंत. पाय दुखले म्हणून निघालास तर ट्राम चुकली. थांबायचं म्हणजे मरायचं नाही, बाबा. थांबायचं म्हणजे कोणाची तरी वाट बघायची." आणि मग स्वतःशीच हसून म्हणाले, "गंमत म्हणजे तिथले वाजवणारे ह्या खुणेला फेर्माता म्हणतच नाहीत. ते म्हणतात मुकुट. शब्द त्यांचा, वापरतो आपण."

आमच्या सर्कशीत वाट बघायची ती दौलतची. दौलत आणि हौसा हे नवरा-बायको, पलूसकडचे डोंबारी. झुल्यांचा खेळ त्यांचा, आणि तो सगळ्यात शेवटी असायचा. दौलत कॅचर, म्हणजे झेलणारा. एका झुल्यात गुडघे अडकवून तो उलटा लोंबकळायचा आणि झोके घ्यायचा. समोरच्या झुल्याला हौसा हातांनी लटकायची. तिनं झुला सोडायचा, हवेत एक कोलांटी घ्यायची आणि दौलतनं तिची मनगटं धरायची. हे करताना तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी असायची. पट्टी खोटी नव्हती. बांधण्याआधी ती लोकांत फिरवायचे, ज्याला पाहिजे त्यानं डोळ्यांना लावून बघावी.

हौसाला दिसायचं नाही, म्हणून तिच्यासाठी सूर होता. सगळा बँड गप्प व्हायचा आणि माझा एकट्याचा क्लारनेट चालू राहायचा. सूर आहे तोवर झुला सोडायचा नाही, सूर तुटला की सोडायचा. दौलतचा झोका कुठे आला ते मास्तर खालून बघायचे आणि नेमक्या जागी हात खाली आणायचे. हात पडायचा, सूर तुटायचा, हौसा सुटायची. तिन्ही गोष्टी एकाच दमात.

मला वर बघायची मनाई होती. "वर बघशील तर स्वतःची अक्कल चालवशील," मास्तर म्हणायचे. "एका खेळात दोन अकला झाल्या तर बाई मरेल." त्यामुळे तीन वर्षं मी हौसाची उडी कधी पाहिलीच नाही. मास्तरांच्या पांढऱ्या बाहीकडे बघायचो आणि लोकांच्या टाळ्यांवरून समजायचो की ती पोचली.

हौसाला याची मोठी गंमत वाटायची. जेवणाच्या पंगतीत ती मला हटकून छेडायची.

"काय येसूदादा, आज भाकऱ्या लई चेपल्या वाटतं. सूर कसा जाडजूड लागत हुता."

"तू तुजं उडायचं बघ."

"मी कशाला बघू? मला पट्टी. तू मान खाली घालून उभा. मग बघतंय कोन आमच्यात?"

"मास्तर बघत्यात की."

"हां, तेवढं बरं हाय बाई," असं म्हणून ती दौलतच्या ताटातली चटणी पळवायची. दौलत मोजकं बोलायचा, पण तिच्याकडे बघून मिशीत हसायचा. मोठी जिवाची जोडी होती ती.

तिसऱ्या हंगामात आमचा तंबू इचलकरंजीला लागला. नव्या मुक्कामाला झुले टांगले की आधी त्यांच्यावर माणूस चढवत नाहीत. वाळूचं पोतं बांधून झोके देतात, दोर आणि खांब ताणून बघतात. त्या सकाळी पोतं असं झुलत होतं आणि खाली आमचा सराव चालला होता. फेर्माता आली. मास्तरांनी हात वर केला, वर बघितलं, हात खाली आणला आणि समाधानानं म्हणाले, "आज दौलत बरा झुलतोय. अंग मोकळं आहे त्याचं."

बाकीचे आपापल्या वाद्यांतून थुंकी झटकत होते. कोणाचं लक्ष नव्हतं. मी वर बघितलं. वाळूचं पोतं झुलत होतं, आणि दौलत तंबूच्या दाराशी बसून दाढी करून घेत होता.

सराव संपल्यावर मी मास्तरांना घोड्यांच्या पागेमागे गाठलं. विचारलं, "मास्तर, वर कोन हुतं?"

ते पेटीवर बसले आणि चष्मा काढला. "मोतीबिंदू," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतो पिकू दे, मग काढू. सहा-आठ महिने."

"कधीपासनं दिसत न्हाई?"

"उजेड दिसतो. माणूस हलला तर सावली दिसते. वरचं... दोन महिने झाले."

"मग हात कसा टाकता?"

"मोजून. दौलतचा झोका पाठ आहे मला. चार मात्रा जायला, चार यायला. कडीचा आवाजही येतो."

दोन महिने हौसा मोजणीवर उडी मारत होती आणि कोणालाच पत्ता नव्हता. मी म्हणालो, "मालकांना सांगा. तेवढा खेळ बंद ठेवतील."

"खेळ बंद करणार नाहीत, मास्तर बदलतील." त्यांनी माझा हात धरला. "चाळीस वर्षं झाली, येसू. गावात घर नाही, बायको नाही. आंधळ्या मास्तरला कोण उभा करील? आठ महिने फक्त. तू वर बघ. तू माझ्या शेजारी उभा असतोस. दौलत जागेवर आला की तुझ्या पायानं माझ्या बुटाला धक्का दे, मी हात टाकतो. सूर तुझा, नजर तुझी, हात फक्त माझा. आणि पुढच्या हंगामात हा बँड मी तुझ्या हातात देईन. मालकाला मीच सांगेन."

मालकाचा तंबू तिथून पन्नास पावलांवर होता. मला जाता आलं असतं. गेलो नाही. मास्तरांची दया आली हे खरं, पण बँड आपल्या हातात येणार हे ऐकून आतल्या आत गुदगुल्या झाल्या, हेही तेवढंच खरं. बापजाद्यांपासून देवळाच्या उंबऱ्याबाहेर बसून वाजवणारे आम्ही. वीस माणसांसमोर हात वर करून उभं राहायचं, ही काय लहान गोष्ट होती?

आणि खोटं कशाला सांगू, ते जमलंही. पहिल्याच खेळाला धक्का बरोबर बसला. दौलतनं हौसाला अशी अलगद उचलली की मी क्लारनेट तोंडाला धरूनच बघत राहिलो. तीन वर्षांत पहिल्यांदा मला ती उडी दिसली.

आठवडाभरानं हौसा पंगतीत म्हणाली, "दादा, मास्तरांचा हात सुधारलाय बघ. मधी दोन म्हैनं मनगटाऐवजी बोटंच धरायला मिळायची ह्यांना. आता कसं बराबर सापडतंय."

मी नुसतं हसलो. छाती फुगली होती माझी. तेव्हा तरी तिला सांगायला हवं होतं, कारण जीव तिचा होता. पण चाललंय ते चांगलं चाललंय, सांगून कशाला बिघडवा, असं मी स्वतःला पटवलं.

असे दोन महिने गेले. मग आम्ही बार्शीला गेलो.

बार्शीच्या मैदानात जमीन कठीण लागली. खांब पुरण्यात सकाळ गेली. तंबू नेहमीपेक्षा उंच उभा राहिला, आणि झुले खाली आणण्यासाठी त्यांचे दोर हातभर वाढवावे लागले. दोर लांबला की झोका संथ होतो, हे देवळातली घंटा हलवणाऱ्यालाही कळतं. पोत्याची चाचणी झाली, पण माणसांचा सराव व्हायला वेळच उरला नाही. तीनचा खेळ तोंडावर आला होता.

मी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "दोर लांबलेत. झोका ढिला पडनार. तुमी मोजू नका. माज्या पायाची वाट बघा."

ते एकदम तडकले. आधीच दोन दिवस त्यांचं बिनसलं होतं. कोणीतरी हात धरून त्यांना ट्रकमधून उतरवलं होतं, ते त्यांना फार लागलं होतं. "मोजू नका? मी ताल मोजू नको? तू मला शिकवणार आता, काल नोटेशनला डोळा म्हणणारा?"

"तसं न्हवं, मास्तर."

"जा. क्लारनेटच्या तोंडाची पट्टी बदल. काल फाटका लागत होता."

मी गेलो आणि पट्टी बदलली.

तीनच्या खेळाला शाळांची मुलं होती. तंबू गच्च भरला होता. वाघ झाले, घोडे झाले, सायकली झाल्या. मग हौसा आणि दौलत दोरीच्या शिडीनं वर गेले. काळी पट्टी मुलांतून फिरून आली. हौसा वर चढताना बँडाकडे बघून जीभ दाखवून गेली. हे तिचं नेहमीचंच होतं.

दोन्ही झुले चालू झाले. मास्तरांनी हात वर केला. बँड थांबला. मी सूर धरला.

मी वर बघत होतो. उन्हामुळे तंबूचं कापड पिवळं दिसत होतं आणि त्यात दौलतची आकृती मागे जात होती. संथ, फारच संथ. पार मागे जाऊन तो थांबला आणि पुढे यायला लागला. माझा पाय मी बुटाजवळ नेऊन ठेवला होता. अजून हलवला नव्हता. दौलत अर्ध्यावर आला होता.

मास्तरांचा हात खाली आला. सूर तुटला.

हौसानं झुला सोडला. कोलांटी सुंदर झाली. कोलांटीतून बाहेर येऊन तिनं दोन्ही हात पुढे केले आणि तिथे कोणी नव्हतं. दौलत अंग ताणून येत होता, त्याची बोटं तिच्या पायांजवळून गेली. झुल्यावरून पडताना माणसं अंग गोळा करून पाठीवर पडतात, पण त्यासाठी जाळी दिसावी लागते. हौसा जाळीच्या कडेच्या तारेवर मानेवर पडली आणि तिथून खाली भुशात गेली.

मुलं टाळ्या वाजवायला लागली. पुष्कळांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

मास्तर तोंड न वळवता मला हळूच म्हणाले, "झेललं?"

वरून दौलत तिचं नाव घेऊन ओरडायला लागला, तेव्हा मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. कोणी पडलं की बँडनं ताबडतोब मार्च सुरू करायचा आणि जोकरांनी आत धावायचं, ही सर्कशीची रीत. लोक उठून पळायला लागले तर अजून चार जण चिरडतात. पण हात वर झाल्याशिवाय बँड वाजत नाही, आणि हात वर होत नव्हता.

"मार्च घ्या, मास्तर," मी म्हणालो. "मार्च घ्या."

त्यांनी हात वर केला. आम्ही मार्च वाजवला. जोकर कोलांट्या मारत आत आले आणि त्यांच्या आड चौघांनी हौसाला फळीवर घालून नेली. मी सबंध मार्च वाजवला, एक सूर चुकला नाही.

सरकारी दवाखान्यात हौसानं दुसऱ्या दिवशी सकाळी प्राण सोडला. मधल्या वेळात ती शुद्धीवर आली नाही. दौलत तिच्या उशाशी बसून होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, "मीच मागं ऱ्हायलो. दोर लांबलेलं मला ठावं हुतं, जोर धरायला पायजे हुता. सूर बराबर तुटला. मी जाग्यावर न्हवतो."

पोलिस जमादारालाही त्यानं तेच सांगितलं. जमादार सर्कशीत आला, बँडवाल्यांना ओळीत उभं करून म्हणाला, "तुमच्यापैकी कोणी काय पाहिलं?"

"आमी बँडवाले वर बघत नसतो, साहेब," मी म्हणालो. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. कॅचर चुकला असं कागदावर लिहिलं गेलं आणि दौलतनं खाली अंगठा उठवला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी मला जवळ बोलावलं. "तुझा पाय लागला मला," ते म्हणाले. "लागला होता ना रे, येसू? मला वाटतं लागला होता."

मी त्यांच्या हातातला चहाचा पेला घेतला आणि धुवायला बाहेर गेलो. खूप वेळ धूत बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बँडवाले तंबूबाहेर बसून चिंचेनं पितळी वाद्यं घासत होतो. खेळ दोन दिवस बंद होते. मास्तर पेटीवर ऊन खात बसले होते, चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. दौलत समोरून येताना दिसला. अंगात मळका सदरा, दाढी वाढलेली, पायांत काही नाही. तीन दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तो कोणाशी बोलला नाही. सरळ मास्तरांकडे गेला, खाली बसला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला काही बोलायचं होतं, पण नुसता हुंदका आला.

तो कशासाठी आला हे आम्हा सगळ्यांना समजलं. चाळीस वर्षांत मास्तरांचा हात चुकला नव्हता, आणि आपल्यामुळे त्या हाताला बट्टा लागला, म्हणून तो माफी मागायला आला होता.

मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांवरून फिरवला. मग मान पुढे काढून म्हणाले, "कोण रे हा? रडतोस कशाला, बाबा?"

दौलतनं मान वर केली. त्या दोघांत हातभराचं अंतर होतं आणि लख्ख ऊन पडलं होतं. मास्तरांच्या दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखी दिसत होती. दौलत त्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग त्यानं सावकाश आपला पंजा त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि बोटं पसरली.

"कोण आहे?" मास्तरांनी पुन्हा विचारलं. "येसू, कोण आहे हा?"

दौलत उठला आणि माझ्याकडे आला.

"कधीपासनं?"

"चार म्हैनं," मी म्हणालो.

"मग हात कसा पडायचा?"

मी त्याला सगळं सांगितलं. पोत्याचं, पायाचं, बँड माझ्या हातात येणार होता त्याचंही. माझ्या मुठीत चिंच होती, ती तशीच दाबून धरलेली. बाकीचे बँडवाले कान देऊन ऐकत होते.

"त्या दिशी पाय लावलास?"

"न्हाई. तू अर्ध्यावर हुतास. मी पाय हलवलाच न्हाई, दौलत, आईची आन. मास्तरांनी मोजून हात टाकला. मी सांगितलं हुतं त्यांना, दोर लांबलेत म्हनून. त्यांनी ऐकलं न्हाई. हात पडला."

"हात पडला," तो म्हणाला.

"व्हय. हात पडला की सूर तोडायचा, असं तीन वर्सं..."

"हौसाला हात दिसत हुता का?"

मी मुठीतली चिंच खाली टाकली.

"तिच्या डोळ्याला पट्टी हुती. तिला तुझा सूर ऐकू येत हुता. तू धरला असतास तर तिनं झुला सोडला नसता. मास्तरांना दिसत न्हवतं." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू वर बघत हुतास. मी जाग्यावर न्हाई हे तुला दिसत हुतं का न्हाई? एवढंच सांग मला."

मागून मास्तर विचारत होते, "कोण आला रे? बोलत का नाही कोणी?"

"दिसत हुतं," मी म्हणालो.